"माझं नाव येणार नाही ना?": सूत्रांचे संरक्षण आणि तालुक्याच्या पत्रकाराची तयारी

आमच्याकडे बातमी घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो: "माझं नाव तर येणार नाही ना?" विचारणारा कधी रेशनच्या रांगेतला असतो, कधी पंचायत समितीतला कारकून, कधी ट्रस्टचा हिशोब पाहून बेचैन झालेला मोहल्ल्यातलाच एखादा सभासद. आपण पटकन "नाही, नाही, बेफिकीर राहा" म्हणून मोकळे होतो. पण हा शब्द पाळायचा कसा, कायदा त्यात किती साथ देतो आणि नाव नेमके फुटते कुठून, हे तालुका पातळीवरच्या फार थोड्या वार्ताहरांना कुणी बसवून शिकवलेले असते.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या दैनिकाला वकील असतो, वरिष्ठ असतात, कायदेशीर नोटीस आली तर ती वाचणारा विभाग असतो. तालुका प्रतिनिधीकडे असते ओळखपत्र, मोटारसायकल आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींचे टार्गेट. आपल्या घरांतली मुलं-मुलीही आता मोबाइल आणि माइक घेऊन पोर्टल, यूट्यूब चॅनेल चालवू लागली आहेत. म्हणून हा लेख पत्रकारांसाठी आहे, तसाच पत्रकाराला माहिती देणाऱ्या आणि पत्रकाराच्या मागे घरी वाट पाहणाऱ्या माणसांसाठीही आहे.

कायदा कुठवर सोबत येतो

आधी गैरसमज दूर करू. "पत्रकाराला सूत्र सांगायला कुणीही भाग पाडू शकत नाही" हे वाक्य आपण अनेक भाषणांत ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५ (२) मध्ये वृत्तपत्र, संपादक किंवा पत्रकाराला बातमीचे सूत्र उघड करायला भाग पाडता येणार नाही असे म्हटले आहे खरे, पण ते प्रेस कौन्सिलसमोर चालणाऱ्या कामकाजापुरते. कोर्टाला किंवा पोलिसांना ते कलम बांधत नाही.

साक्षीपुराव्याच्या कायद्यात वकील आणि अशील यांच्यातले बोलणे राखीव आहे, नवरा-बायकोतले बोलणे राखीव आहे. पत्रकार आणि त्याचे सूत्र यांच्यासाठी असे कलम नाही. ते १८७२ च्या कायद्यात नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आलेले नाही. विधी आयोगाने १९८३ मध्येच, आपल्या ९३ व्या अहवालात, असे कलम घालावे अशी शिफारस केली होती. एवढ्या वर्षांत सगळा कायदा नव्याने लिहून झाला, पण ती शिफारस कागदावरच राहिली. आमच्या मते ही संधी हुकली आणि पत्रकार संघटनांनी त्या वेळी जेवढा आवाज उठवायला हवा होता तेवढा उठवला नाही.

मग काहीच नाही का? तसेही नाही. पेगॅसस प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचे संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट असल्याचे मानले आणि पाळतीच्या भीतीने सूत्रे बोलेनाशी होतात याचीही दखल घेतली. वकिलाला हा आदेश कोर्टात वापरता येतो. मात्र जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या एका न्यायालयाने तपास यंत्रणेपुढे सूत्र न सांगण्याची कायदेशीर सूट भारतात पत्रकारांना नाही, असे स्पष्ट म्हटले. म्हणजे तत्त्व बाजूने आहे, कलम नाही. प्रत्येक प्रकरण न्यायाधीशापुढे नव्याने मांडावे लागते. स्वीडनसारख्या देशात याच्या उलट आहे. तिथे सरकारी अधिकाऱ्याने पत्रकाराचे सूत्र शोधायचा प्रयत्न करणे हाच गुन्हा ठरू शकतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात २०१७ चा राज्याचा कायदा आहे. हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. पण हा कायदा मारहाणीविरुद्ध आहे, सूत्रांबद्दल तो बोलत नाही. शिवाय त्यातली व्याख्या प्रसारमाध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी कामावर असलेल्या माणसाला धरून केलेली आहे. कंत्राटाचा एक कागदही नसलेला, बातमीमागे पैसे मिळणारा वार्ताहर संकटाच्या दिवशी "मी यांचाच माणूस" हे सिद्ध कसे करणार? म्हणून आम्ही प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, ओळखपत्राच्या आधी नेमणुकीचे पत्र मागा. तारीख, हुद्दा, सही. ते द्यायला कचरणारा मालक तुमच्यासाठी कोर्टात उभा राहील असे समजू नका.

सत्येंद्र दुबे यांचे पत्र

नाव फुटण्याची आपल्या देशातली सर्वांत कटू कहाणी पत्रकाराकडून घडलेली नाही, सरकारी फायलीतून घडलेली आहे. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोण रस्त्याच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंतीही केली. पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या खुनात पुढे लुटारूंना शिक्षा झाली आणि हत्येचा पत्राशी संबंध होता की नाही यावर वाद राहिला. पण नाव फिरले होते, यावर वाद नाही.

त्या गदारोळानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने एक ठराव काढला. त्यानुसार केंद्र सरकारच्या खात्यांतला भ्रष्टाचार कळवणाऱ्याची तक्रार केंद्रीय दक्षता आयोग नाव गुप्त ठेवून घेतो. तक्रार बंद पाकिटात जाते, नाव-पत्ता आतल्या कागदावर असतो आणि तो पुढच्या विभागाला दिला जात नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा राज्याच्या खात्यांना ही व्यवस्था लागू नाही. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अमलात आणलाच गेला नाही. आमच्या वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावे, कारण "माझ्यासाठी कायदा आहे ना" या भरवशावर सरकारी नोकरीतली माणसे कधी कधी फार पुढे जातात.

महाराष्ट्रातही उदाहरणे आहेत. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असताना हत्या झाली. मुंबईत गुन्हेगारी जगताचे वार्तांकन करणारे जे. डे यांना ११ जून २०११ रोजी पवईत गोळ्या घातल्या गेल्या. राजापूरचे शशिकांत वारिशे रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या देत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविरुद्ध त्यांनी लिहिले होते त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. कोकणातल्या आमच्या वाचकांना तो रस्ता ओळखीचा आहे.

गावात नाव कसे कळते

मोठ्या शहरात नाव लपवले की माणूस लपतो. तालुक्यात तसे नाही. इथे कोण कुणाच्या टपरीवर चहा पितो, कुणाची गाडी कुणाच्या दारात उभी होती, हे संध्याकाळच्या नमाजपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला माहीत असते. नाव न छापताही बातमी नाव सांगून जाते.

"पंचायत समितीतील एका महिला कर्मचाऱ्याने नाव न सांगण्याच्या अटीवर सांगितले" असे छापले आणि त्या विभागात महिला कर्मचारी एकच असेल, तर अट कुठे पाळली? "ट्रस्टच्या एका माजी खजिनदाराने" म्हटले आणि हयात माजी खजिनदार दोनच असले, तर दुसऱ्या दिवशी दोघांनाही जबाब द्यावा लागतो. वार्ताहराने बातमी पाठवण्याआधी एकच हिशोब करावा: या वर्णनात बसणारी माणसे किती? पाचपेक्षा कमी असतील तर वर्णन सैल करा. "कर्मचाऱ्याने" पुरेसे आहे. "संबंधितांच्या म्हणण्यानुसार" त्याहून बरे. थोडी धार गेली तरी चालेल.

बोलण्याची लकबही ओळख देते. एखाद्याचा "अवो" किंवा खास कोकणी मुसलमानी बोलीतला शब्द जसाच्या तसा अवतरणात टाकला तर गावातला माणूस वाचताक्षणी हसून म्हणतो, हा तर अमक्याचा. व्हिडिओत चेहऱ्यावर ठिपके टाकले, पण हातातली अंगठी, मागची दुकानाची पाटी, अंगणातला हौद आणि मूळ आवाज तसाच ठेवला तर त्या ठिपक्यांचा उपयोग शून्य. पाठमोरे बसवून घेतलेल्या मुलाखतीत बाईंच्या दुपट्ट्यावरूनच शेजारणींनी ओळखल्याच्या तक्रारी पत्रकारांच्या बैठकांत आम्ही ऐकल्या आहेत. आवाज वापरायचाच नसेल तर सर्वांत चांगले. त्यांचे म्हणणे वार्ताहराने आपल्या शब्दांत वाचून दाखवावे.

इथे एक सीमा पक्की आहे आणि ती सूत्राच्या मर्जीवरही सोडलेली नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि अल्पवयीन मुलांबाबत पॉक्सो कायद्याचे कलम २३ याहून कडक आहे. गाव, शाळा, वडिलांचा धंदा, काकांची बाइट यांतूनही ओळख होते. "घरच्यांनीच बोलायला सांगितले" हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

शब्द देण्याआधी बोलून घ्या

"नाव देणार नाही" म्हणजे नेमके काय, यावर दोघांचे एकमत क्वचितच असते. सूत्राला वाटते, आपण बोललो हेच कुणाला कळणार नाही. वार्ताहराला वाटते, नाव सोडून बाकी सगळे वापरता येईल. म्हणून वही उघडण्याआधी सरळ विचारावे: तुमचे शब्द वापरू का? हुद्दा लिहू का? दिलेला कागद दाखवू का, की फक्त त्यातली माहिती घेऊ? संपादकाला तुमचे नाव सांगितले तर चालेल का? आणि शेवटचा, सगळ्यात अवघड: कोर्टाने विचारले तर?

या शेवटच्या प्रश्नावर खोटा धीर देऊ नये. "मी जेलमध्ये जाईन पण नाव सांगणार नाही" हे ऐकायला छान आहे. पण घरी आजारी आई, दोन लहान मुले आणि हप्त्यावरची गाडी असलेल्या वार्ताहराने असा शब्द देण्याआधी घरी बोलावे. आम्ही काय करतो ते सांगतो. आम्ही सूत्राला म्हणतो की आम्ही स्वतःहून कुणालाही सांगणार नाही, कुणी मागितले तर आधी वकिलामार्फत लढू आणि तशी वेळ आली तर तुम्हाला आधी कळवू. एवढे पाळता येते, म्हणून एवढेच सांगतो.

आणि हेही खरे की नाव न देणाऱ्या प्रत्येकाला संरक्षण द्यायलाच हवे असे नाही. भाऊबंदकीतला राग, ट्रस्टच्या निवडणुकीतला हिशोब, प्रतिस्पर्धी ठेकेदाराची चाल, अशा गोष्टी "खास माहिती" म्हणून येतात. ज्याला स्वतःचे काही गमावण्याचा धोका नाही आणि फक्त दुसऱ्यावर चिखल टाकायचा आहे, त्याने नावानिशी बोलावे. नाहीतर मानहानीचा खटला वार्ताहराच्या नावावर येतो आणि तो माणूस फोन उचलत नाही.

फोन, फोटो आणि झेरॉक्सचे दुकान

अमेरिकेतले २०१७ चे एक प्रकरण तालुक्याच्या पत्रकारालाही खूप शिकवून जाते. रिअॅलिटी विनर या कंत्राटी कर्मचाऱ्याने एक गुप्त अहवाल छापून एका वृत्तसंस्थेला पोस्टाने पाठवला. वृत्तसंस्थेने खरेपणा तपासण्यासाठी त्या कागदाची प्रत सरकारी लोकांना दाखवली. कागदाला घडी पडलेली होती, म्हणजे तो छापलेला होता. कार्यालयाच्या नोंदीत तो अहवाल छापणारे सहाच जण निघाले आणि त्यातल्या एकीनेच कार्यालयाच्या संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेल केला होता. प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर रंगीत लेसर प्रिंटर सोडतो ते बारीक पिवळे ठिपकेही होते, ज्यात छपाईची तारीख-वेळ दडलेली असते. विनर यांना पाच वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. संपादकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी पडताळणीसाठी मूळ कागदाचीच प्रत पुढे केली, इतकेच. आपल्याकडे अधिकाऱ्याची प्रतिक्रिया घेताना "हे बघा साहेब, तुमचाच कागद" म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणारे वार्ताहर हेच रोज करतात. कागदावरचा आवक क्रमांक, कोपऱ्यातली शाईची खूण, पंच केलेली भोके, यावरून तो कुणाच्या टेबलावरून निघाला हे कार्यालयात पाच मिनिटांत कळते. कागद दाखवू नका. त्यातली माहिती स्वतः टाइप करून प्रश्न विचारा.

फोटोतली छुपी माहिती हा दुसरा फटका. २०१२ मध्ये फरार असलेले उद्योजक जॉन मॅकॅफी यांचा फोटो एका मासिकाने छापला आणि फोटोच्या फाइलमध्ये राहिलेल्या नोंदीवरून ते ग्वाटेमालात नेमके कुठे आहेत हे जगाला कळले. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ही नोंद पुसली जाते, पण क्वालिटी टिकावी म्हणून "डॉक्युमेंट" करून पाठवला तर ती तशीच जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवावे, किंवा फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो वापरावा.

कॉलबद्दल. कुणी कुणाला, किती वाजता, कोणत्या टॉवरखालून फोन केला याची नोंद मोबाइल कंपन्यांनी किमान दोन वर्षे ठेवायची असा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे. बोलणे काय झाले ते त्यात नसते, पण बातमी छापण्याच्या आदल्या रात्री त्याच कारकुनाला तुम्ही चारदा फोन केला हे दिसते. व्हॉट्सअॅप आणि सिग्नल, दोन्हींत मजकूर मधे कुणाला वाचता येत नाही. फरक असा की कोण कुणाशी बोलले ही माहिती सिग्नल जवळजवळ ठेवतच नाही, आणि आता तिथे मोबाइल नंबर न दाखवता युजरनेमवर बोलता येते. ठरावीक वेळाने मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय दोन्हीकडे आहे. व्हॉट्सअॅपचा बॅकअप मात्र गुगल ड्राइव्हवर जातो. त्याला वेगळा पासवर्ड लावण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती स्वतः सुरू करावी लागते आणि बहुतेकांनी केलेली नसते.

हे सगळे करूनही गळती होते ती साध्या जागी. सूत्राने पाठवलेली पीडीएफ प्रिंट काढायला वार्ताहर झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर पुढे पाठवतो. ती त्या दुकानाच्या संगणकावर कायमची राहते आणि दुकान असते सरपंचाच्या भाच्याचे. व्हॉट्सअॅप वेब महा ई-सेवा केंद्रात उघडे राहते. फोनवरचे फोटो घरातल्या टॅबवर आपोआप उतरतात आणि मुले ते चाळत बसतात. फोनची स्क्रीन फुटली की तो पासवर्डसकट दुरुस्तीला जातो. महिन्यातून एकदा व्हॉट्सअॅपच्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये जाऊन अनोळखी संगणक काढून टाका, बातमीचे फोटो गॅलरीत उतरणे बंद करा, आणि सूत्राचे नाव फोनबुकमध्ये "पंचायत समिती खबरी" असे तर मुळीच ठेवू नका. (हसू नका, अशी नावे आम्ही स्वतः पाहिली आहेत.)

कागदाच्या आड माणूस

सूत्राला वाचवण्याचा सर्वांत भक्कम मार्ग तंत्रज्ञानात नाही, माहिती अधिकारात आहे. आतल्या माणसाने फाइल दाखवली तर ती फाइल छापायची नाही. तीच माहिती अर्ज करून अधिकृतपणे मिळवायची आणि ती छापायची. मग बातमीचा आधार अर्जाचे उत्तर ठरतो, तो कारकून नाही. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा.

यात एक खोच आहे. अर्जात थेट फाइल क्रमांक, देयकाची तारीख आणि रक्कम लिहिली, तर साहेबांना लगेच कळते की आतून कुणीतरी बोलले आहे. म्हणून जाळे मोठे टाका. एका रस्त्याच्या बिलाऐवजी त्या आर्थिक वर्षातल्या प्रभागातील सर्व रस्त्यांच्या कामांची यादी, ठेकेदार आणि दिलेली रक्कम मागा. हवे ते त्यात येतेच. अर्जदाराचे नाव मात्र फुटते हे गृहीत धरा. सूत्राच्या नातेवाइकाच्या नावाने अर्ज करू नका, तो वृत्तपत्राच्या माणसाने करावा.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८ (१) (जे) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. पूर्वी वैयक्तिक माहितीही व्यापक जनहित दाखवले तर त्या कलमाखाली मिळत असे, आता "वैयक्तिक आहे" एवढे म्हणून अर्ज फेटाळणे सोपे झाले आहे. पण कलम ८ (२) अजून जागेवर आहे. जनहित हे संभाव्य नुकसानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते असे ते सांगते. पहिल्या अपिलात हे कलम नावानिशी लिहा. त्याच डेटा कायद्यात पत्रकारितेसाठी वेगळी सूट ठेवलेली नाही, हेही ध्यानात असू द्या.

बरेचसे कागद तर अर्जाविनाच खुले आहेत. सातबारा आणि फेरफार महाभूलेखवर, ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराजवर, खटल्याची तारीख ई-कोर्ट्सवर. मोहल्ल्यातल्या कब्रस्तानाच्या जागेवर अतिक्रमण झाल्याची कुजबूज घेऊन कुणी आले, तर त्याचे नाव वहीत लिहिण्याआधी गट नंबर विचारा आणि उतारा काढा. निम्म्या वेळा त्या माणसाची गरजच उरत नाही.

आखातातून आलेला ऑडिओ

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी दुबई, कुवेत, सौदीत आहे. एजंटने फसवले, पगार थकला, पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला, अशा व्यथा व्हॉइस मेसेजमधून घरी येतात आणि घरचे त्या जशाच्या तशा पत्रकाराला पाठवतात. गावाकडच्या पोर्टलवर तो आवाज चालतो, शेअर होतो आणि दोन दिवसांत कंपनीच्या सुपरवायझरच्या फोनवर पोहोचतो.

तिथले कायदे वेगळे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरोधातला कायदा ऑनलाइन मजकुराबद्दल फार कडक आहे, आणि शिक्षा बोलणाऱ्या मजुराला होते, इथल्या पत्रकाराला नाही. म्हणून घरच्यांना आमची विनंती आहे: मूळ ऑडिओ कुणालाही पुढे पाठवू नका. कॅम्पचे नाव, खोलीचा व्हिडिओ, सोबत्यांचे चेहरे बाहेर जाऊ देऊ नका. पत्रकाराने बातमीचा रोख इथल्या एजंटकडे वळवावा. तो नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि नोंदणी नसेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली तो गुन्हा आहे. ही बातमी तिकडच्या मुलाचा आवाज न वापरताही उभी राहते. आणि त्याला आधी मायदेशी येऊ द्यायचे, मग बातमी लावायची, असेही कधी कधी ठरवावे लागते. एखादी बातमी पंधरा दिवस थांबली म्हणून बिघडत नाही.

नोटीस आली तर

पोलीस ठाण्यातून फोन येतो, "जरा येऊन जा, साहेबांना बोलायचंय." नम्रपणे सांगा की लेखी नोटीस द्या. नोटिशीवरचे कलम पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. कलम ३५ असेल तर तुमच्याविरुद्धच तक्रार किंवा संशय आहे. कलम ९४ म्हणजे कागद किंवा उपकरण हजर करा. १७९ च्या नोटिशीवर महिलांना, १५ वर्षांखालील मुलांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना राहत्या घराबाहेर जबाबासाठी बोलावता येत नाही. ही गोष्ट आपल्या मुलींनी आणि त्यांच्या अब्बांनी पाठ करून ठेवावी. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, ते संविधानाच्या अनुच्छेद २० (३) मध्ये आहे. साक्षीदारालाही स्वतःवर गुन्हा ओढवेल असे उत्तर देणे बंधनकारक नाही. या सगळ्यात वकील सोबत असावा. खोटे मात्र बोलू नये. "सांगू शकत नाही" आणि "मला माहीत नाही" यांत कायद्याच्या नजरेत फार अंतर आहे.

फोन किंवा लॅपटॉप जप्त होत असेल तर झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे कलम १०५ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. पंचनाम्याची प्रत घ्या. त्यात उपकरणाचा आयएमईआय क्रमांक, ते चालू होते की बंद, आणि डेटाची हॅश व्हॅल्यू, म्हणजे नंतर काही घातले-काढले तर कळणारा अंक, लिहायला सांगा. पासवर्ड द्यायलाच हवा का, यावर न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नका. पत्रकारांची उपकरणे जप्त करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे हवीत असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला बजावले. पुढच्याच महिन्यात केंद्राने सांगितले की तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयचे २०२० चे मॅन्युअल पाळतील. तुमच्या तालुक्याचे पोलीस ठाणे केंद्रीय यंत्रणा नाही, हे वेगळे सांगायला नको.

परत मिळालेला फोन सूत्रांशी बोलण्यासाठी पुन्हा वापरू नये. घरात दुसरे कुणी वापरले तरी चालेल, पण जुनी खाती त्यातून काढून, फॅक्टरी रिसेट करून.

शिकायचे कुठे

पत्रकारितेचे शिक्षण म्हणजे पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, असे समीकरण आजही आहे. अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेत मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. नोकरी किंवा दुकान सांभाळून शिकायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सोयीचे. उर्दू माध्यमातून शिकलेल्यांसाठी हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात जनसंवादाचा अभ्यासक्रम आहे. दोन्ही भाषा लिहिता येणारा वार्ताहर मालेगाव, भिवंडी, औरंगाबादसारख्या ठिकाणी कुठल्याही संपादकाला हवाच असतो.

पदवीपलीकडे रोजचे शिकणे आहे. ग्रामीण वार्तांकन कसे करावे हे पाहायचे तर पी. साईनाथ यांनी सुरू केलेले "पारी" मराठीतूनही वाचता येते. बुंदेलखंडातल्या महिलांनी २००२ मध्ये सुरू केलेली "खबर लहरिया" घराबाहेर पडून बातमी करू पाहणाऱ्या आपल्या मुलींनी जरूर पाहावी. फोनच्या सुरक्षिततेबद्दल कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्सने सोप्या सूचना दिलेल्या आहेत. खाते हॅक झाले किंवा फोनमध्ये काही घुसल्याचा संशय असला तर अॅक्सेस नाऊची हेल्पलाइन चोवीस तास, विनाशुल्क मदत करते.

आणि तालुका पत्रकार संघ. ६ जानेवारीला, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या "दर्पण"च्या आठवणीने साजऱ्या होणाऱ्या पत्रकार दिनी, शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात. ती व्हावीतच. पण त्याच दिवशी दोन तास काढून तालुक्यातल्या एखाद्या फौजदारी वकिलाला बोलावा, कलम १७९ आणि ३५ ची नोटीस हातात देऊन वाचायला लावा, सगळ्यांच्या फोनमधले "लिंक्ड डिव्हाइसेस" तिथेच उघडायला सांगा. त्या वकिलाचा नंबर प्रत्येकाने फोनमध्ये तर ठेवावाच, शिवाय कागदावर लिहून घरच्यांकडे द्यावा. फोन जप्त झाला की त्यातला नंबर उपयोगाचा नसतो.